दिवेलागणीची धार

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या थोरल्या भावाला घेऊन माझ्याकडे आले होते. भाऊ पायरीवरच बसून राहिला, आत येईना. गृहस्थांनी आवाज बारीक करून विचारलं, "मास्तर, तुमची कशी सुटली?" मी म्हणालो, "एका म्हशीमुळे." म्हातारा चेष्टा करतोय असं वाटून ते जरा रागावलेच. चेष्टा मी जन्मभर केली हे खरं, पण तेवढं उत्तर सरळ दिलं होतं. ते उलगडून सांगायला वेळ लागतो आणि पायरीवर बसलेल्या माणसाला तेवढा धीर नसतो. मी पण एके काळी पायरीवर बसलेलो आहे. म्हणून लिहून काढतोय. त्याने घरी नेऊन एकट्याने वाचावं.

औषधं कुठली दिली, यकृताचं काय झालं होतं, हे यात सापडणार नाही. ते डॉक्टरांना विचारा. माझ्या वाट्याला जे आलं तेवढंच सांगतो.

फळ्यावरचं वर्तुळ

मी ड्रॉइंग मास्तर. आमच्या वेळी ड्रॉइंग मास्तराची सगळी इज्जत एका गोष्टीवर असायची. फळ्यापुढं उभं राहायचं, कंपास न घेता एका दमात हातभर वर्तुळ काढायचं, आणि खडू जिथून निघाला तिथंच येऊन टेकला पाहिजे. मला ते जमायचं. नव्या वर्गावर पहिल्या दिवशी मी काही न बोलता तेवढं एक वर्तुळ काढायचो, आणि मग वर्षभर त्या वर्गाला गप्प बसा म्हणावं लागत नसे.

ते कोल्हापूरच वेगळं होतं. गल्लीआड एखादा तरी माणूस असा असायचा की ज्याच्या सदऱ्याला टर्पेंटाइनचा वास. कोण नाटकाचे पडदे रंगवतोय, कोण दुकानाच्या पाट्या, कोण तालमीत मारुती. शाळा सुटली की मी पडदे रंगवणाऱ्यांच्या कोंडाळ्यात जाऊन बसायचो. राजवाड्याच्या पडद्यावर खांब काढून द्यायचो, आणि काम झालं की तिथंच बाटली निघायची. आधी ती शनिवारी निघायची. मग बुधवारीही निघायला लागली. मग पडदा असो नसो, निघायचीच.

संस्थान विलीन झालं आणि पुढल्या वर्षी दारूबंदी आली. सरकारने दारू बंद केली आणि माझी वाढली. पूर्वी निदान चार माणसांत बसून प्यायचो, आता आडोसा शोधून घाईघाईने प्यायला लागलो. माल सायकलच्या ट्यूबमधून यायचा. त्याला रबराचा वास यायचा, तरी मी नाक दाबून घ्यायचो. कलेच्या गप्पा मारत प्यायला सुरुवात केलेल्या माणसाची ही गत.

एके दिवशी सकाळी सातवीच्या वर्गावर वर्तुळ काढायला गेलो आणि खडू निघाल्या ठिकाणी आला नाही. चांगला चार बोटं खाली उतरला. मी पुसून परत काढलं, तर ते बटाट्यासारखं झालं. पोरं हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाहीत, खाली वहीत बघायला लागली. त्यांना सगळं माहीत होतं, फक्त मलाच वाटत होतं की कुणाला माहीत नाही.

निदानाचा दिवस

इंदू, म्हणजे माझी बायको, मला दवाखान्यात घेऊन गेली. मी पोटदुखीचं निमित्त पुढं केलं होतं. डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली बोटं रोवली तेव्हा मी ओरडलो. त्यांनी मला काहीच विचारलं नाही, तिला विचारलं, "किती वर्षं?"

ती म्हणाली, "लग्नाला अकरा झाली. ह्याला सात."

लग्नाची वर्षं आणि दारूची वर्षं तिने शेजारी शेजारी मांडून ठेवलेली होती, हे मला त्या खोलीत कळलं. मला लाज वाटली. राग पण आला, आणि तेव्हा रागच मोठा होता.

डॉक्टर म्हणाले, "मास्तर, अजून वर्षभर असंच चालवलंत तर पुढच्या वर्षी बाईंना माझ्याकडे यायची गरज पडणार नाही." मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. बंदीच्या काळात ज्याला दारूवाचून राहवत नाही त्याला डॉक्टरी दाखल्यावर परवाना मिळायचा. दाखला हवा असेल तर तो देतो म्हणाले, नाहीतर आजच दाखल व्हा. माझा जीव दाखल्याकडे धावला. इंदू म्हणाली, "दाखल करून घ्या." मला कुणी विचारलं नाही, आणि बरंच झालं.

अठरा दिवस होतो तिथं. पहाटे थर्मामीटर, सातला चहा, नऊला डॉक्टरांची फेरी, दुपारी पेज, चारला परत चहा. पहिले काही दिवस मला यातलं काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी समोरच्या भिंतीवरून मुंग्या उतरायला लागल्या. हजारोंनी, रांगच्या रांग, सरळ माझ्या खाटेकडे. मी ओरडत होतो. माझे हात पट्ट्यांनी खाटेला बांधले होते. तसं भय मला त्याच्या आधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही.

वॉर्डात एक आया होती, गंगूबाई. तोंडाने फटकळ. ती खाटेपाशी येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, मुंग्याबिंग्या काय न्हाईत हितं. असत्या तर मीच झाडल्या असत्या की." आणि एवढं बोलून तिने केरसुणी आणली आणि ती भिंत वरपासून खालपर्यंत झाडून काढली. "आता गेल्या का?" म्हणाली. मी गेल्या म्हणालो. खरंच गेल्या होत्या. त्या बाईचं ऋण मी कुणाकुणाला सांगितलं, पण तिला सांगायचं राहून गेलं.

मलकापूरची एसटी

घरी आलो. बारा दिवस नीट गेले. इंदू माझ्या पानात भात वाढताना जरा जास्त वाढायची, थोरली मुलगी माझ्या मांडीवर येऊन बसायची. तेराव्या दिवशी दिवेलागणीला मी काडेपेटी आणायला म्हणून बाहेर पडलो आणि पिऊन आलो. काडेपेटी आणायचीही विसरलो.

ती रडली नाही, भांडली नाही. सकाळी तिने ट्रंक न घेता दोन पिशव्या भरल्या, दोन्ही मुलांची बोटं धरली, आणि मलकापूरला आपल्या भावाकडे जायला निघाली. दारात म्हणाली, "मी रागावून जात नाही. रोज संध्याकाळी दाराकडे बघत बसायची ताकद संपली माझी. सुटली म्हणजे पत्र टाका. मी येईन. पण खोटं पत्र टाकू नका. तसं केलंत तर मग परत कधीच येणार नाही."

इंदूला मी अकरा वर्षं ओळखत होतो. ती बोलली म्हणजे तसंच करणार, यात मला शंका नव्हती.

तांब्या

या व्यसनात सगळ्यात वाईट वेळ कुठली म्हणाल, तर दिवेलागण. सकाळी माणूस शहाणा असतो. दुपारी त्याला शाळा असते. ऊन उतरलं, घराघरांत दिवे लागायला लागले, की छातीत काहीतरी ओढायला लागतं. रिकाम्या घरात तर फारच. मी घर सोडून गंगावेशीत नुसता उभा राहायचो.

तिथं संध्याकाळी गवळी म्हशी रस्त्यावर आणून उभ्या करायचे, अजूनही करतात. गिऱ्हाइकासमोर धार काढायची, फेसाळ दुधाचा पेला हातात द्यायचा, आणि माणसं उभ्या उभ्या तो घशाखाली घालायची. पैलवान, वकील, हमाल, सगळे एका कट्ट्यावर. पण माझी नजर दुधावर नव्हती. नाना शिंप्यावर होती. नाना महाद्वाराकडचा नावाजलेला शिंपी आणि त्याहून नावाजलेला दारुडा. तो दिवेलागणीला पितळी तांब्या धोतराच्या सोग्यात झाकून कट्ट्यामागच्या बोळात शिरायचा. त्याच्या मागून गडमुडशिंगीचे एक पाटील सायकलवरून यायचे. त्यांचीही कीर्ती तीच. त्यांच्याही हँडलला तांब्या लोंबत असायचा. आणखी दोघं-तिघं तसलेच. सगळे एका गोठ्यात जायचे, नि तासाभराने तोंडं पुसत बाहेर पडायचे.

दारुड्याचं डोकं या बाबतीत फार चालतं. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्यांनो! दुधाच्या तांब्यात कोण पोलीस बघायला येणार? गंगावेशीत, भर कट्ट्यामागं गुत्ता! मला त्यांचं कौतुक वाटलं, आणि मला कुणी बोलावलं नाही म्हणून वाईटही वाटलं.

दोन दिवस पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी घरातला तांब्या घासला, उपरण्याखाली धरला आणि गोठ्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत चार म्हशी होत्या. पोत्यांवर चार-पाच माणसं बसली होती. खांबाला टेकून एक दांडगा माणूस उभा होता, मोडलेले कान, पांढऱ्या गलमिशा. हे दौलूवस्ताद. जुने पैलवान, गोठा त्यांचाच.

"काय पावणं, भाईर का हुबं? आत या की."

मी जवळ जाऊन डोळा बारीक केला नि तांब्या पुढं केला. "अर्धा शेर द्या."

"कसलं?"

"सगळ्यांना देताय तेच."

वस्तादांनी माझ्याकडे नीट बघितलं. तांब्या घेतला, पाठ करून भरला आणि परत दिला. मी कोपऱ्यात तोंड फिरवलं, डोळे मिटले आणि मोठा घोट घेतला.

दूध. कोमट, फेसाळ, निव्वळ दूध.

माझं तोंड बघून पाटील असे हसले की त्यांना ठसका लागला. नाना शिंपी मांड्या थोपटत होता. मी संतापलो. तांब्या तिथंच आपटून निघणार होतो, तर पाटील डोळे पुसत म्हणाले, "रागावू नगासा मास्तर. आमीबी असंच आलतो. डोळा घालूनच आलतो की."

"मी तर बाटलीच घिऊन आलतो," नाना म्हणाला.

वस्ताद म्हणाले, "हितं आलेला हरेक गडी गुत्ता हुडकतच आलाय. आनी मी भाईर कुणाला सांगत बी न्हाय, हितं गुत्ता न्हाय म्हनून. सांगितलं तर येनार कोन?"

मग मात्र मलाही हसू आलं. कित्येक महिन्यांत, शुद्धीत असताना आलेलं ते पहिलं हसू. मी पोत्यावर बसलो.

मोरी

त्या बैठकीला नाव नव्हतं. पाटी नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. वस्तादांना फक्त एक गोष्ट समजली होती: ही ओढ दिवेलागणीची असते, म्हणून तो एक तास एकट्याने काढायचा नाही. तासभर गोठ्यात बसायचं. एकेकाने आपला आकडा सांगायचा, म्हणजे न घेता किती दिवस झाले तो. मग काल याच वेळी जिवाचं काय झालं होतं ते सांगायचं. मधे कुणी बोलायचं नाही, उपदेश करायचा नाही. आणि शपथ घ्यायची नाही. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "अंबाबाईची शपथ, उद्यापासून..." वस्तादांनी हात वर केला.

"अंबाबाईला मधी घालायचं न्हाय. तिला आपुन लई येळा फसीवलंय."

सगळ्यांनी माना हलवल्या. प्रत्येकाने देवळात जाऊन शपथ घेतलेली होती, काहींनी चार-चारदा.

बोलणं झालं की पाळीपाळीने मोरीची धार काढायची. मोरी ही वस्तादांची थोरली म्हैस. तिचं एक होतं, परक्या हाताला, थरथरत्या हाताला किंवा दारूचा वास येणाऱ्या माणसाला ती पान्हा चोरायची. दूध आत ओढून धरायची, मग रेडकू लावा, पुढ्यात खायला आंबोण ठेवा, थेंब येणार नाही. वस्तादांची दारूही तशीच सुटली होती. ते म्हणायचे, "बायकू बोलून बोलून गप बसली. तालमीतली गप बसली. पर ही काय गप बसंना. मी पिऊन आलो की रोज पान्हा चोरायची. चार पिढ्यांत आमच्या घरात म्हशीनं मानसाला न्हाय म्हटलं नव्हतं. मला तिचीच लाज वाटली."

आता तुम्ही शिकलेले लोक म्हणाल, म्हशीला काय कळतंय. मीही तेच म्हणत होतो. माझ्या मते तिला फक्त हाताचा कंप कळायचा. पण माझी सगळी अडचण हाताच्या कंपाचीच होती, तेव्हा माझ्यापुरतं ते एकच झालं.

पहिल्या दिवशी मी तिच्याखाली बसलो तेव्हा तिने लाथेने दुधाची चरवी उडवली. ड्रॉइंग मास्तर शेणात पडला. दुसऱ्या दिवशी थेंब नाही, आठव्या दिवशी थेंब नाही. पाटील माझ्यामागं बसून शिकवायचे. "वढायचं न्हाय वो मास्तर, दाबायचं. अंगठा आत दुमडा. आनी श्वास सोडा की, काय परीक्षेला बसलाय व्हय?" माझ्या बोटांना तूप लावून द्यायचे. मी आजवर ज्यांना शिकवलं त्यांच्यापैकी कुणाशी इतक्या सबुरीने वागलो नव्हतो.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी चरवीच्या बुडावर पहिली धार वाजली. अख्खा गोठा ओरडला. नानाने उठून मला मिठी मारली, त्याच्या गळ्यातली मापाची फीत माझ्या गळ्यात अडकली. मी चित्रांची बक्षिसं मिळवलेली आहेत. तेवढा आनंद मला एकाही बक्षिसाचा झाला नव्हता.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. गोवऱ्यांचा धूर, भिजवलेल्या पेंडीचा वास, हिवाळ्यात म्हशींच्या अंगाची ऊब, आणि नानाचं ते रोजचं सुरू होणं, "आज एकशे बारा, आनी काल मी बायकूवर उगंच खेकसलो." इतकी खरी बोलणी मी आयुष्यात दुसरीकडे ऐकली नाहीत. आता तिथं तिमजली इमारत आहे, खाली कापडाचं दुकान. वस्ताद, पाटील, नाना, सगळे गेले. नव्या लोकांच्या बैठका खुर्च्यांवर होतात, चहा मिळतो, पुस्तकं असतात. चांगलंच आहे ते, मी पण जातो. पण गोठा तो गोठा.

पत्र

शाळेत माझा हात परत चालायला लागला. पाच महिने झाले त्या दिवशी मी इंदूला कार्ड लिहिलं. फार लिहिलं नाही. "पाच महिने घेतलेली नाही. हे खरं आहे." दोनदा वाचून पेटीत टाकलं. ते लिहिलं तेव्हा त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

उत्तर आलं नाही. मी रोज पोस्टमनकडे बघायचो. आठव्या दिवशी दुपारी जुना पडदेवाला मित्र भेटायला आला. त्याची नाटक कंपनी मोडली होती, पडदे कुणी घेईना, तो बसून रडला. माझे खांब आठवून रडला. त्याच्या पिशवीत होतीच. मी त्याला सोबत म्हणून घेतली, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे घ्यायची होती म्हणून घेतली.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात जायला पाय होत नव्हता. गेलो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "एक." परवापर्यंत मी एकशे सत्तावन्न सांगत होतो.  नाना शिंप्याने सरकून मला पोत्यावर जागा दिली. मोरीखाली बसलो, तर तिने मान वळवून बघितलं आणि पान्हा चोरला. वस्तादांनी दुसऱ्या म्हशीचं दूध माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "एक बी आकडाच हाय की."

पण माझ्या जिवाला वेगळाच घोर लागला होता. मलकापूरला गेलेलं ते कार्ड आता खोटं झालं होतं. लगेच दुसरं लिहायला हवं होतं. लिहिलं, फाडलं. परत लिहिलं, परत फाडलं. दिवस दोन झाला, तीन झाला. तिला कळवलं तर ती येणार नाही, आणि न कळवता आली तर मी तिला फसवून आणलं असं होणार. 

चौथा दिवस

चौथ्या दिवशी इंदू आली. मला नंतर कळलं ते असं: ती मुलांना घेऊन संध्याकाळच्या एसटीने उतरली, घराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, मास्तर रोज या वेळेला तांब्या झाकून गंगावेशीकडं जातात. पाच-सहा महिने झाले. आम्ही आपलं बघून न बघितल्यासारखं करतो." इंदूने मुलं काकूंजवळ ठेवली आणि तशीच निघाली. मला जे वाटलं होतं तेच तिलाही वाटलं.

गोठ्यात बोलणं चालू होतं. दारात सावली पडली. मी मान वर केली तर ती. लुगड्याला प्रवासाची धूळ, तोंड दगडासारखं. वस्ताद उठले.

"कुनाला हुडकताय, बाई?"

"माझ्या नवऱ्याला. आणि तुमचा गुत्ता."

"गुत्ता न्हाय वैनी हितं. नवरा हाय. बसा."

ती आत आली, चरवी बघितली, तांब्यांतलं दूध बघितलं, हातात पेले घेऊन बसलेली ती दांडगी माणसं बघितली. पाटलांनी आपलं पोतं झटकून तिला दिलं. ती बसली. तिला अजून काही उमगलं नव्हतं, पण तोंडावरचा दगड जरा हलला होता. माझ्याकडे बघून तिने डोळ्यांनीच विचारलं, आणि मला दिसलं की तिचा विश्वास बसायला लागलाय. कार्ड खरं होतं, असं तिला वाटायला लागलंय.

वस्ताद म्हणाले, "मास्तर, तुमची पाळी."

 मला आकडा मोठा सांगता आला असता. तिथलं कुणीही तोंड उघडणार नव्हतं. पुढं बऱ्याच वर्षांनी मी नानाला विचारलं, तर तो म्हणाला, "आमी कशाला बोलतोय? तुमचं तुमी." पाटील आढ्याकडे बघत होते. वस्ताद रेडकाच्या गळ्यातली दोरी सोडवत होते. सगळ्यांनी माझ्यावरून नजर काढून घेतली होती, फक्त इंदू बघत होती. एकशे बासष्ट म्हटलं की संपलं. ती घरी येईल, मुलं घरी येतील, आणि पुढं तर मी घेणार नाहीच, मग खोटं ते काय राहिलं? अशी सगळी वकिली माझ्या डोक्यात एका क्षणात झाली. 

"चौथा दिवस," मी म्हणालो.

आणि मग थांबलो नाही. कार्ड टाकलं त्या दिवशी पाच महिने खरे होते. आठव्या दिवशी घेतली. दुसरं कार्ड लिहून फाडलं, कारण ती येणार नाही याची भीती होती. हे सगळं मी इंदूकडे न बघता, चरवीकडे बघून सांगितलं. 

  वस्तादांनी दुधाचा पेला इंदूच्या हातात दिला. तिने तो घेतला आणि प्यायला नाही, नुसता धरून बसली. नानाची पाळी आली, त्याने त्याचा आकडा सांगितला. पाटलांनी सांगितला. सगळ्यांचे आकडे माझ्यापेक्षा मोठे होते.

बाहेर पडलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. ती दोन पावलं पुढं चालत होती. मी मागून. कट्ट्यावर गर्दी होती, कुणीतरी मला "काय मास्तर" म्हणून हाक मारली, मी मान हलवली. बरंच अंतर गेल्यावर ती न वळता बोलली.

"मला कळलं नसतं."

"नसतं."

"कुणी सांगितलंही नसतं."

"नाही."

 मी मनाची तयारी केली होती. सकाळची एसटी किती वाजता सुटते तेही मला माहीत होतं.

"आठ दिवसांपुरते कपडे आणलेत मी," ती म्हणाली. "म्हटलं, आधी बघावं, मग ठरवावं. उद्या दादाला कार्ड टाका. मुलांचे राहिलेले कपडे आणि थोरलीचं दप्तर एसटीने पाठव म्हणावं." मग ती थांबली, माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात मात्र नव्हतं. "आणि त्यात खरं लिहा. चौथा दिवस म्हणून लिहा."

"उद्या लिहीन तेव्हा पाचवा असेल," मी म्हणालो.

"मग पाचवा लिहा," ती म्हणाली, आणि माझ्याबरोबरीने चालायला लागली.